प्यो मिस्त्रीची हमी

“बसलीय बघा, चिखलात म्हैस बसावी तशी,” ग्यूछान म्हणाला. “उठायचं नावच घेत नाही.”

प्यो दोकसूने आपल्या छोट्या ट्रकचं दार लावलं आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. काळी, लांबलचक, ऐटदार गाडी. पुढून पाहिली तर काही बिघडलंय असं वाटत नव्हतं. मागून मात्र ती पार खचली होती. मागची चाकं वरच्या पत्र्याच्या कमानीत निम्मी बुडाली होती. डावीकडे तर टायर आणि पत्रा यांच्यामध्ये बोटसुद्धा शिरत नव्हतं.

“मार्चमध्ये मागचे दोन्ही हवेचे फुगे तुम्हीच नवे घातलेत ना, मिस्त्री?”

“घातले.”

“आणि काय म्हणाला होतात?”

“पाच वर्षं बघावं लागणार नाही म्हणालो होतो.”

“आठ महिने झालेत. त्यातले साडेसात मी व्हिएतनामात होतो, कंपनीच्या कामावर. गाडी या अंगणातून हललीसुद्धा नाही. उभ्या उभ्या बसली.”

दोकसूने मान हलवली. त्याने ट्रकमधून तारा काढल्या आणि मेलेल्या बॅटरीला जोडायला लागला.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ग्यूछानची आई उकिडवी बसली होती. समोर मोठमोठ्या टबांत मीठ लावलेला कोबी मुरत पडला होता. हिवाळ्याची किमची घालायचे दिवस होते. तिचं नाव बुन्ने, पण ते पोस्टमनखेरीज कोणी घेत नसे. गावाला ती ‘ग्यूछानची आई’. वय एकोणऐंशी. मुलाने सकाळीच बाजारातून मिठाची मोठी गोणी खांद्यावर आणून दिली होती, आणि गोणी ठेवता ठेवता जे बोलायला सुरुवात केली होती ते अजून संपलं नव्हतं.

“एवढा कोबी कोण खाणार आहे, आई? तू एकटी. आणि गॅस बंद केलास का आतला?”

“केला.”

“बघून ये.”

“केलाय म्हटलं ना.”

ग्यूछान स्वतः आत जाऊन बघून आला. मग दोकसूकडे वळून, आई ऐकतेय हे माहीत असून, म्हणाला, “सप्टेंबरात पातेलं विसरली गॅसवर. अग्निशमनवाले आले. मला तिकडे हनोईत फोन. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हिला मी सांगून ठेवलंय, आता अजून एक काही उपद्व्याप झाला ना, की सरळ त्या गोसांगच्या वृद्धाश्रमात. खोली बघून ठेवलीय मी. खिडकीतून समुद्र दिसतो.”

“समुद्र मला इथून पण दिसतो,” म्हातारी कोबीकडे बघत म्हणाली.

“मी चार वाजेपर्यंत येतो, मिस्त्री. शाळेतल्या दोस्तांबरोबर जेवण आहे बंदरावर. उद्या सकाळी सोलला घरी निघायचंय. तोवर उठवा हिला. नाहीतर टोइंग करून कांगनुंगच्या मोठ्या गॅरेजात टाकतो, आणि मग तुमच्या पाच वर्षांचं काय ते गावाला समजेलच.”

तो उतारावरून खाली गेला. पाठमोरा तो अगदी बापासारखा दिसत होता. बोलायला तेवढा बापावर गेला नव्हता.

दोकसू चौसष्ट वर्षांचा होता. डोंगरामागून नवा महामार्ग झाल्यापासून त्याच्या गॅरेजसमोरचा किनाऱ्याचा रस्ता ओस पडला होता. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तरी जी दहा-बारा गिऱ्हाइकं अजून वाट वाकडी करून येत, ती एका वाक्यासाठी येत. बंदरावर लोक म्हणत, “प्योने हात लावला, म्हणजे विसरून जा.” एवढं एक वाक्य सोडलं तर त्याच्या नावावर दुसरं काही नव्हतं, आणि त्याला ते पुरत होतं. आज सकाळी ग्यूछानचा फोन आल्यावर तो चहा अर्धा टाकून निघाला होता तो त्यामुळेच.

बॅटरीत जीव आल्यावर त्याने इंजिन चालू केलं. डिकीच्या तळाशी पंप घुरघुरायला लागला. गाडीचं मागचं अंग हळूहळू, कण्हत कण्हत, वर आलं.

“अगोबाई. उठली की,” म्हातारी म्हणाली. “झालं?”

“नाही, मावशी. उठवायला कोणीही उठवेल. उभी राहते का ते बघायचं.”

त्याने टेप काढून चाकाच्या मधोमधपासून कमानीपर्यंतचं अंतर मोजलं आणि दोन्ही बाजूंचे आकडे खडूने फरशीवर लिहिले. मग इंजिन बंद करून अंगणातल्या चुलीजवळच्या पाटावर येऊन बसला.

“आत नुसती हवाच असते?” म्हातारीने विचारलं. “एवढी गाडी हवेवर?”

“हवेवरच. साध्या गाडीला लोखंडी स्प्रिंग असते. हिला मागे दोन रबरी फुगे आहेत, उखळाएवढे. पंप त्यात हवा भरतो. माणसं बसली, सामान ठेवलं, की गाडी दबते. मग पंप अजून थोडी भरतो. गाडी आपली कायम सरळ.”

“आणि फुगा फुटला की बसते.”

“फुगा फुटला तर. किंवा जोड सुटला तर. किंवा पंप दमला तर, किंवा उंची मोजणारा काटा खोटं बोलायला लागला तर. बसली म्हणजे बसली, हे सगळ्यांना दिसतं. का बसली ते एकेक करून विचारावं लागतं. घाई केली की गाडी उत्तर देत नाही.”

“पोरांसारखंच म्हणायचं,” म्हातारी म्हणाली.

चाळीस मिनिटांनी त्याने पुन्हा मोजलं. उजवी बाजू केसभरही हलली नव्हती. डावी चार बोटं उतरली होती. म्हणजे पंप ठीक, काटा ठीक. डावीकडून हवा कुठेतरी निसटत होती. उभ्या उभ्या डावी खचत गेली आणि तोल सांभाळायला गाडीने उजवीलाही खाली घेतलं, म्हणून सगळंच मागचं अंग बसलं.

त्याने जॅक लावला, चॅसीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोडे उभे केले, ते हलवून पाहिले, आणि मगच पाठीवर झोपून खाली सरकला. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नये. त्याच्या ओळखीचा एक जण गेला होता.

आता खरी परीक्षा होती. डावा फुगा त्याने स्वतः बसवलेला होता. साबणाच्या पाण्याची बाटली हातात धरून तो क्षणभर तसाच पडून राहिला. हवा निसटत असली तर तिथे बुडबुडा येणार. बुडबुडा कोणाची भीड ठेवत नाही. त्याने फुग्यावर फवारा मारला, घड्यांघड्यांत मारला, वरच्या जोडावर मारला. टॉर्च मारून वाट पाहिली. पाणी ओघळून गेलं. एकही बुडबुडा नाही.

चौसष्टाव्या वर्षी, ओल्या फरशीवर पाठ टेकून, त्याला हसू आलं. त्याचं काम शाबूत होतं.

“मावशी,” तो खालूनच म्हणाला, “फुगा चांगला आहे.”

“मग बाहेर ये आणि खा. गार होतंय.”

तिने बटाट्याची धिरडी घातली होती. समोर कोणी बसलेलं असताना जेवायची त्याची सवय मोडली होती. तो भराभर खायला लागला, तेव्हा म्हातारी म्हणाली, “कोण मागे लागलंय का तुझ्या?” मग तो सावकाश खायला लागला. तिसरं धिरडं तिने न विचारता वाढलं.

जेवण झाल्यावर त्याने डिकी उघडली. पंप आणि फुगा यांच्यामध्ये बोरूएवढा बारीक, काळा नायलॉनचा पाइप होता. तो डिकीच्या डाव्या बाजूच्या गालिच्याआडून जातो. मार्चमध्ये त्याला हात लावायची गरज पडली नव्हती. दोकसूने एक रबरी नळी घेतली, एक टोक कानात धरलं आणि दुसरं गालिच्यावरून फिरवायला लागला, डॉक्टर छाती तपासतो तसं. मागच्या कोपऱ्यात नळीतून बारीक सुस्कारा ऐकू आला.

त्याने खिट्ट्या काढून गालिचा सोलला.

आत उंदराचं घरटं होतं. कापसाचे पुंजके, कुरतडलेला पुठ्ठा, लेंड्या. मधोमध एक अख्खा सुका मासा, म्हणजे आता उरलेलं त्याचं डोकं, कणा आणि शेपूट. त्याच्याभोवती पांढरा दोरा गुंडाळलेला, वेढ्यांवर वेढे, मुंडावळ्या बांधाव्यात तसा नीट. आणि माशाशेजारून जाणाऱ्या काळ्या पाइपवर बारीक दातांच्या दुहेरी खुणा.

गाडी घेतली की पूजा करायची, चाकांवर तांदळाची दारू शिंपडायची आणि दोरा गुंडाळलेला मासा गाडीत ठेवायचा, हे त्या किनाऱ्यावर दोकसूने लहानपणापासून पाहिलेलं होतं. मासा मेला तरी डोळे मिटत नाही, म्हणून तो वाटेवर राखण करतो. त्याच्या स्वतःच्या ट्रकात, बॉनेटखाली, बायकोने बांधलेला होता.

त्याने वळून पाहिलं. म्हातारी मागे येऊन उभी होती. मिठाचे हात तिने अंगापासून लांब धरले होते.

“तो नको म्हणाला होता,” ती म्हणाली. “गाडी नवी होती तेव्हा ठेवला होता मी. कातड्याच्या सीटला वास येतो म्हणून त्याने उकिरड्यावर फेकला. हसला पण. म्हणून या वेळी आत खोल ठेवला. तो परदेशात, गाडी इथे. म्हटलं, आल्यावर चालवणारच ना.”

दोकसूने गालिचा अजून थोडा मागे ओढला.

“त्याच्या बापाच्या ट्रकात एकतीस वर्षं होता. घाटात बर्फात कुठे कुठे गेला तो. मेला तो घरात, गादीवर.” तिने वाकून आत पाहिलं. “उंदरांचं डोक्यातच आलं नाही माझ्या.”

“कोणाच्या आलं असतं.”

“सांग त्याला. तुझं काम चांगलं होतं, ते सांग.” आवाज नेहमीचाच होता. “सांगायलाच पाहिजे. तुझी भाकरी आहे ती.”

ती परत टबाजवळ जाऊन बसली. कोबीचं एक पान तिने उलटलं, मग तेच पुन्हा सुलटं केलं.

दोकसूने काम सुरू केलं. तुकडा जोडून भागलं असतं, पण जोड म्हणजे उद्याची शंका. त्याने जुना पाइप टोकापासून टोकापर्यंत काढला आणि ट्रकमधल्या गुंडाळीतून नवा कापला, धारदार पात्याने, अगदी काटकोनात. टोक तिरकं कापलं की जोडात बसत नाही. दोन्ही टोकं खट् आवाज होईपर्यंत दाबली, ओढून पाहिली. साबण मारला. घरटं झाडून काढलं. ज्या फटीतून उंदीर शिरले असतील तिला जाळी ठोकली. मग त्याने माशावरचा दोरा सोडवला, त्यातला वीतभर स्वच्छ भाग तोडला आणि नव्या पाइपाशेजारच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधून त्यावर काळी टेप गुंडाळली.

“मावशी, मासा मी नेतो. जाळीन नीट, कचऱ्यात नाही टाकणार. दोरा इथेच ठेवलाय. त्याला वास नाही, उंदीर येणार नाहीत.”

“चालतं असं? नुसता दोरा?”

“तोच दोरा आहे ना. तुमच्या हातचा.”

तिने हातातलं पान निथळलं. “चालत असेल,” ती म्हणाली.

गालिचा जागेवर बसला. चार वाजायला अर्धा तास होता. दोकसूच्या हातात तो जुना पाइप होता. दातांच्या खुणा इतक्या स्पष्ट होत्या की शाळेतल्या मुलालाही ओळखता आल्या असत्या. पाइप दाखवला, की ग्यूछान विचारणार, उंदीर डिकीत काय खायला आले? आणि आई खोटं बोलणार नव्हती, हे अर्ध्या दिवसात दोकसूला कळलं होतं. अजून एक उपद्व्याप. खिडकीतून समुद्र दिसणारी खोली.

पाइप न दाखवावा, तर मग हवा गेली कुठून?

म्हातारीची त्याच्याकडे पाठ होती. ती कोबी धूत होती. एक एक गड्डा उचलून, पाणी निथळू देऊन, पालथा ठेवत होती. सत्तावीस गड्डे होते. कोणाला किती डबे द्यायचे ते ती पुटपुटत मोजत होती. गॅस विसरलेल्या बाईने सत्तावीस गड्ड्यांत एकही चूक केली नव्हती.

दोकसू ट्रकच्या पलीकडच्या बाजूला गेला. त्याने खिशातून कानस काढली, पाइप गुडघ्यावर धरला आणि दातांच्या खुणांवर सावकाश घासायला लागला. आधी आडवी, मग थोडी तिरकी. पत्र्याच्या कडेवर रोज थोडा थोडा घासत गेलेला पाइप कसा दिसतो ते त्याला चांगलं माहीत होतं. दुसऱ्यांच्या हातचे असले पाइप त्याने शेकड्यांनी पाहिले होते आणि मनातल्या मनात नावं ठेवली होती. कड नको तिथे धारदार वाटली, ती त्याने बोटाने चोळून मऊ केली. थोडं ग्रीस लावलं, धूळ लावली, पुसलं. चाळीस वर्षांत त्याने पहिल्यांदा खोटं काम केलं, आणि तेही नीट केलं.

चार वाजता ग्यूछान आला तो सरपंच मोक यांच्या व्हॅनमधून. दोघांचे चेहरे जेवणाने आणि दारूच्या एका-दोन पेल्यांनी लाल झाले होते. सरपंच घरची गाडी बघायला आल्यासारखे उतरले.

“उठली की हो,” ग्यूछान म्हणाला. “काय होतं?”

“माझी चूक होती.”

म्हातारीच्या हातातला गड्डा टबात पडला.

“फुगे बदलताना पाइप मी पत्र्याच्या कडेवरून नेला,” दोकसू म्हणाला. “आतून न्यायला पाहिजे होता. तुम्ही जाण्याआधी पंधरा दिवस फिरवलीत, त्यात घासून बारीक छिद्र पडलं, मग उभ्या उभ्या हवा गेली. आता नवा घातलाय, नीट जागेवरून. काही द्यायचं नाही.”

त्याने पाइप पुढे केला. ग्यूछानने उलटसुलट करून पाहिला आणि सरपंचांना दाखवला. सरपंचांनी चष्मा वर करून पाहिला.

“अरे मिस्त्री,” ते म्हणाले, “हे तर शिकाऊ पोरगं पण करणार नाही.”

“नाही करणार.”

“डोळे तपासलेस का इतक्यात? वय होतं माणसाचं. माझंच बघ.”

“मिस्त्री,” म्हातारी उठून उभी राहिली, “ग्यूछान, अरे ऐक, तो...”

“मावशी,” दोकसू तिच्याकडे न बघता म्हणाला, “ते पाणी वाया चाललंय बघा, नळ चालू राहिलाय.”

नळ बंद होता. ग्यूछानने पटकन नळाकडे पाहिलं, मग आईकडे. तेवढ्यात म्हातारीने जाऊन नळावर हात ठेवला, आणि तो धरून ती तशीच उभी राहिली.

ग्यूछानने पाइपचा फोटो काढला. तो वाईट माणूस नव्हता, जाताना त्याने दोकसूला संत्र्यांची पिशवी दिली आणि म्हणाला, “कबूल केलंत, हे बरं केलंत. दुसरा असता तर गाडीवरच ढकललं असतं.” मग आईला म्हणाला, “चल, मी उचलतो हे टब. तू कंबर मोडून घेशील.”

फोटो त्याच संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर पडला. पाइप छान आला होता. खुणा अगदी खऱ्या वाटत होत्या.

डिसेंबरात सरपंचांनी व्हॅन तपासणीसाठी कांगनुंगला नेली. दोकसूच्या गॅरेजवरून जाताना त्यांनी हात केला. मासळीवाल्याचा बर्फाचा ट्रक यायचा थांबला. त्याने निदान फोन करून सांगितलं, की पोराने दुसरीकडे ठरवलंय. बंदरावरचं ते वाक्य कोणी बदललं नाही. नुसतं म्हणायचं बंद झालं. जानेवारीत असे काही दिवस गेले की दोकसूने सकाळी शटर वर केलं, हत्यारं पुसली, जमीन झाडली आणि पाच वाजता शटर खाली केलं, आणि मधे त्याच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही. एकदा तर त्याने मुद्दाम खाकरून पाहिलं, आवाज आहे ना म्हणून.

कोणाला तरी सांगावं असं त्याला वाटे. एकदा भाताच्या खानावळीत त्याने सांगायला तोंडही उघडलं होतं. पण ज्याला सांगणार तो बायकोला सांगणार, बायको बाजारात सांगणार, आणि लहान गावातली गोष्ट सोलला पोचायला दोन दिवस लागत नाहीत. त्याने सूप अजून थोडं मागितलं. काम चांगलं होतं हे ठाऊक असलेली माणसं जगात दोनच होती, आणि दोघांनाही ते बोलता येत नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला डोंगरावरच्या एका शेतकऱ्याचं नांगरणी यंत्र बंद पडलं आणि त्याला दुसरं कोणी मिळेना, म्हणून दोकसूला बोलावणं आलं. वर जायचा रस्ता ग्यूछानच्या आईच्या घरावरून जात होता. अंगण रिकामं होतं, गाडी नव्हती. दोरीवर एकाच माणसाचे कपडे वाळत होते. धुराड्यातून धूर निघत होता. म्हातारी भिंतीच्या कडेने उन्हात मुळ्याचे काप पसरत होती.

ट्रकचा आवाज ऐकून तिने वर पाहिलं. दोकसूने वेग कमी केला. हात करावा की नुसतं जावं, ते त्याला ठरवता येईना.

म्हातारी काठी टेकत पुढे, फाटकापर्यंत आली. तिने दोन्ही हात पोटाशी जुळवले आणि त्याच्यासमोर वाकली, लहानांनी मोठ्यांपुढे वाकावं तशी, आणि बराच वेळ तशीच राहिली. ती त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी होती. त्याच्यापुढे असं कोणी कधी वाकलं नव्हतं. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, आणि टोपी हातात घेऊन रस्त्यात मान खाली घालून उभा राहिला.

रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. असतं, तरी बघणाऱ्याला काही कळलं नसतं. तिची कंबर मुळातच वाकलेली होती. काठी तिने आधी फाटकाला टेकवून ठेवली होती, एवढंच.